म्युझियमच्या टेबलावरचा कंदील

(सिनेगॉगच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. बोलताना इकडेतिकडे झालेली वाक्ये थोडी सरळ केली आहेत.)



कमिटीने मला बोलायला बोलावले की विषय आधीच ठरलेला असतो. ब्लडप्रेशर, साखर आणि गुडघे. चाळीस वर्षे नर्सची नोकरी केल्यावर माणसे आपल्याला पाहिले की बाही वर करतात, हे मी समजू शकते. पण यंदा मी सेक्रेटरीसाहेबांना म्हटले, मला एका म्युझियमविषयी बोलू द्या. ते म्हणाले, "सिस्टर, आपल्या लोकांना म्युझियमचं काय?" मी म्हटले, वीस मिनिटे द्या, मग सांगा. वीस मिनिटांत पुरे झाले नाही तर चहा गार होईल, त्याची जबाबदारी माझी.

२०१८ च्या सप्टेंबरात मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात गेले. तिथे सेंट पॉल गावात माझी भाची राहते, आणि तिच्याकडे माझी थोरली बहीण होती. आम्ही तिला ताई म्हणत असू. ताई माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठी. मला अंगाखांद्यावर तिनेच वाढवले. मुंबईला नर्सिंगच्या डिप्लोमाला मी लागले तेव्हा माझी फी तिनेच भरली, आणि पांढऱ्या साडीला इस्त्री कशी करायची तेही तिनेच शिकवले. त्या ताईला विस्मरणाचा आजार झाला. भाची नोकरी करणारी, घरात दुसरे कोणी नाही. मी निवृत्त झाले होते. म्हटले, मी येते. एक वर्ष राहिले.

तिथल्या थंडीबद्दल मी काही सांगत नाही, कारण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. एवढेच सांगते की डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. आणि हा साडेचारचा अंधारच आमचा वैरी झाला. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांना ठाऊक असेल, संध्याकाळ झाली की ही माणसे बेचैन होतात. दिवसभर शहाण्यासारखी वागणारी ताई दिवे लागले की खिडकीपाशी जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "मामा आला का?"

आमचा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी वारला. घरात त्याच्याबद्दल एवढेच ऐकलेले, "मामा समुद्रात गेला." आई याहून जास्त कधी बोलली नाही आणि आम्ही विचारले नाही. त्या वेळी मुले विचारत नसत.

मी नर्स. आम्हाला शिकवले होते की रोगी गोंधळला तर त्याला वार, तारीख, ठिकाण नीट सांगा, पुन्हा पुन्हा सांगा, खऱ्याशी त्याची गाठ घालून द्या. मी तेच केले. "ताई, मामा वारला. सत्तर वर्षं झाली. आपण अमेरिकेत आहोत. आज मंगळवार." आणि ताई दर वेळी तोंडावर पदर घेऊन रडायची. जणू आत्ताच तार आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्न, पुन्हा माझे उत्तर, पुन्हा रडणे. पूर्ण नोव्हेंबर मी माझ्या बहिणीला रोज संध्याकाळी तिच्या मामाच्या मरणाची बातमी दिली. मला वाटत होते मी माझे कर्तव्य करते आहे.

आता म्युझियमकडे वळते.

मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटी ही तिथली इतिहासाची संस्था १८४९ साली स्थापन झाली. मिनेसोटाला राज्याचा दर्जा मिळाला १८५८ साली. म्हणजे राज्याआधी नऊ वर्षे राज्याचा इतिहास जमवणारी संस्था निघाली! मला हे भाचीने सांगितले तेव्हा हसू आले. जमवायला होते काय? पण नंतर वाटले, त्यांना अक्कल होती. आपण सगळे संपत आल्यावर जमवायला निघतो.

त्यांची मोठी इमारत, हिस्टरी सेंटर, १९९२ साली उघडली. आत मोठे ग्रंथालय आहे, तिथे सामान्य माणूस जाऊन आपल्या आजोबांचे नाव जुन्या खानेसुमारीत शोधू शकतो, आपल्या घराचा इतिहासही काढू शकतो. शाळेची मुले बसगाड्या भरून येतात. मी आधी गेले ती नर्सच्या डोळ्यांनी. उतरण्याची जागा दारापासून किती लांब, बाकांना हात आहेत की नाहीत, शौचालय कुठे, फरशी चकचकीत तर नाही. विस्मरणाच्या रोग्याला चकाकणारी फरशी पाण्यासारखी दिसते, आणि काळी सतरंजी खड्ड्यासारखी. तो पाऊल टाकत नाही आणि घरचे म्हणतात हट्टी झाला. असो, हा माझा धंद्याचा स्वभाव.

तिथे मी एक घर पाहिले. म्हणजे प्रदर्शनच घराचे होते. २००६ साली उघडलेले. त्याचे नाव 'ओपन हाउस'. सेंट पॉलमध्ये रेल्वेच्या रुळांनी वेढलेली एक वस्ती आहे, तिला रेलरोड आयलंड म्हणजे रुळांमधले बेट असेच म्हणतात. त्या वस्तीतले एक साधे घर त्यांनी निवडले. गव्हर्नरचा बंगला नाही, गिरणीमालकाचा वाडा नाही. १८८८ साली शूमाखर नावाच्या जर्मन कुटुंबाने बांधलेले. त्यानंतर एकशे अठरा वर्षांत तिथे पन्नास कुटुंबे राहून गेली. जर्मन गेले, इटालियन आले, मग काळे अमेरिकन, मग लाओसमधून निर्वासित होऊन आलेले ह्मोंग लोक. म्युझियमवाल्यांनी ही सगळी माणसे कागदपत्रांतून शोधली, हयात होती त्यांच्याकडे जाऊन बसले, त्यांचे बोलणे टिपून घेतले, आणि म्युझियममध्ये त्या घराच्या खोल्या उभ्या केल्या.

आपल्याला म्युझियम म्हटले की काय आठवते? काच, काचेवर 'हात लावू नये', आणि स्टुलावर पेंगणारा शिपाई. इथे उलटे होते. हात लावल्याशिवाय काही कळायचेच नाही. कप्पा उघडा, दार ढकला, कुठे आवाज येतो, कुठे चित्र उमटते. एक पलंग होता, त्यावर बसले की तो खाली खचायचा, कारण त्या घरातल्या कोणा माणसाने सांगितलेल्या आठवणीत त्यांचा पलंग तसा मोडला होता. मुले एकामागून एक त्यावर बसत आणि किंचाळत. मला आठवले ते आपले सोखनूतचे लोखंडी पलंग. इथे बसलेल्यांत किती जणांचा पहिला संसार त्या पलंगावर झाला! त्यांतला एकही आपण ठेवला नाही. भंगारात घातले.

या म्युझियमचे कार्यक्रम पुष्कळ. उन्हाळ्यात मंगळवारी संध्याकाळी बाहेर मोकळ्या जागेत गाणेबजावणे असे, तेही फुकट, आणि नाच येत नसेल त्यांना आधी शिकवतसुद्धा. ह्मोंग बायका कापडावर भरतकाम करून गोष्टी सांगतात. गाव, शेत, लढाई, मेकाँग नदी पार करणे, सगळे सुईदोऱ्याने. त्यांच्या म्हाताऱ्यांना लिहिता येत नसे, पण ही कापडे म्युझियमने जपून ठेवली आहेत. मिनियापोलिस गावात याच संस्थेचे दुसरे म्युझियम आहे, वॉशबर्न ए नावाच्या पिठाच्या जुन्या गिरणीच्या पडक्या भिंतींत, २००३ साली उघडलेले. त्या गिरणीत १८७८ साली पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन अठरा कामगार मेले होते. पीठ असे पेटते हे मला तिथे कळले. तिथे एका मोठ्या लिफ्टमध्ये बसवून मजल्यामजल्यावरून नेतात आणि जुन्या कामगारांचे आवाज ऐकवतात. आणि खाली पाव भाजण्याची खोली आहे. ताईला तो वास आला आणि तिने तीन महिन्यांत प्रथमच स्वतःहून खायला मागितले. नर्सच्या वहीत हे मोठ्या अक्षरांत लिहायचे असते.

सगळे गोडच असते असे नाही. तिथे फोर्ट स्नेलिंग नावाचा जुना किल्ला याच संस्थेकडे आहे. १८६२ साली डाकोटा लोकांशी लढाई झाली, अडतीस डाकोटा पुरुषांना एकाच दिवशी फाशी दिले, आणि त्या हिवाळ्यात त्यांच्या बायका, मुले, म्हातारे असे सोळाशेच्या आसपास लोक या किल्ल्याखाली कोंडून ठेवले. त्यांतले पुष्कळ तिथेच मेले. दोन नद्या मिळतात त्या जागेला डाकोटा भाषेत ब्दोते म्हणतात. तो शब्द किल्ल्याच्या पाटीवर लावला म्हणून मी तिथे असताना, २०१९ साली, केवढे भांडण झाले! राज्याच्या सेनेटमध्ये संस्थेचा निधी कापण्याचा प्रस्ताव आला. एका शब्दासाठी. भाची म्हणाली, "मावशी, इतिहास म्हणजे नुसता पाव भाजणं नाही."

आता ज्याच्यासाठी बोलायला उभी राहिले तो कार्यक्रम. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या म्युझियमांनी २०१२ साली 'हाउस ऑफ मेमरीज' नावाचे काम सुरू केले. विस्मरणाच्या रोग्यांना आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांना जुन्या रोजच्या वस्तूंपाशी बसवायचे आणि बोलते करायचे. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी फोनवर आणि टॅब्लेटवर त्याच वस्तूंची चित्रे आणि आवाज. रोग्याची देखभाल करणाऱ्यांना शिक्षण. मिनेसोटाच्या संस्थेने हे काम आपल्याकडे आणले. यामागे वैद्यकशास्त्र आहे, थोडक्यात सांगते. या आजारात नवी आठवण आधी जाते आणि जुनी पुष्कळ काळ टिकते. सकाळी चहा घेतला की नाही हे आठवत नाही, पण शाळेतल्या बाईंचे नाव आठवते. म्हातारी माणसे जुने पुन्हा पुन्हा उगाळतात याला पूर्वी डॉक्टर लोक बुद्धिभ्रंशाचे लक्षण समजत. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली लिहिले की तसे नाही, म्हातारपणी मन आपल्या आयुष्याचा हिशेब करत असते आणि ते करू द्यावे. १९६३! मी डिप्लोमाला बसले ती त्यानंतर पंधरा वर्षांनी, आणि मला हे कोणी सांगितले नाही.

डिसेंबरात एका दुपारी भाचीने आम्हाला म्युझियममध्ये सोडले. आठ-दहा म्हातारी माणसे, बरोबर कोणाची बायको, कोणाची मुलगी. गोल मांडलेल्या खुर्च्या, हातांच्या. एका टेबलावर जुन्या वस्तू ठेवल्या होत्या: लोणी घुसळायची बरणी, जेवणाचा डबा, विणकामाच्या सुया, रेल्वेचा कंदील. पलीकडे एक निवृत्त गृहस्थ, स्वयंसेवक. ते डॉक्टर नव्हते की कोणी नव्हते. त्यांनी कंदील ताईच्या मांडीवर ठेवला.

ताईने तो दोन्ही हातांनी धरला. वातीची किल्ली चाचपून पाहिली. मग उभी राहिली आणि कंदील डोक्याच्या वर धरला, असा, हात ताठ करून. तिचा खांदा वर्षभर दुखत होता, हात खांद्याच्या वर जात नव्हता. आणि म्हणाली, मराठीत, "मामा आला का?"

मी सवयीने तोंड उघडले. "ताई, मामा..." त्या गृहस्थांना भाषा कळली नाही, पण माझा सूर कळला असावा. त्यांनी हात किंचित वर केला, थांबा म्हणून, आणि मला विचारले की ती काय म्हणाली. मी इंग्रजीत सांगितले. मग त्यांनी ताईला विचारले, "तो कुठून येणार होता?"

मंडळी, सत्तर वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

ताई बोलायला लागली. मराठीत, आमच्या आजोळच्या बोलीत. मी तुकड्यातुकड्यांनी इंग्रजी करत होते, आणि मध्ये मध्ये मला जमत नव्हते, कारण मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते. आमचे आजोळ अलिबाग तालुक्यात, रेवसच्या वाटेवर. मामा मुंबईला नोकरीला. दोन दिवसांच्या रजेवर घरी येणार होता, आणि ताईसाठी पाटी आणणार होता, लाकडी चौकटीची. ताई सात वर्षांची. आजी तिला घेऊन बैलगाडीने रेवसला गेली. धो धो पाऊस. बोट यायची वेळ टळली. धक्क्यावर माणसे जमली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. कोणीतरी काही सांगितले आणि बायका रडू लागल्या, पण आजी म्हणाली, माझा मुलगा पोहणारा आहे, अंधारात त्याला किनारा दिसायला हवा. तिने गाडीचा कंदील सोडवला आणि उंच धरून उभी राहिली. हात भरून आला की ताईकडे द्यायची. ताईने धरला की पुन्हा आपण घ्यायची. उजाडेपर्यंत.

तुमच्यापैकी कोकणातल्या वडील मंडळींच्या लक्षात आले असेल. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सहाशेहून जास्त माणसे गेली.

मी घरी आल्यावर ठाण्याला एका नव्वदीच्या नातलग बाईंना फोन लावला. त्या आधी म्हणाल्या, "कशाला उकरतेस?" मग अर्धा तास बोलल्या. खरे होते. रामदास बोटच. मामाचे कलेवर मिळाले नाही. आजीने त्यानंतर घरात कंदील ठेवला नाही, चिमणीवर दिवस काढले. हे सगळे मला अठ्ठावन्नाव्या नाही, एकसष्टाव्या वर्षी कळले, आणि तेही बर्फाच्या गावात, एका परक्या माणसाने परक्याची वस्तू टेबलावर ठेवली म्हणून.

त्या संध्याकाळी ताई पुन्हा खिडकीपाशी गेली. "मामा आला का?" मी म्हटले, "नाही आला अजून. काय आणणार आहे तो?" ती म्हणाली, "पाटी." मग पाटीवर काय काय लिहायचे ते सांगत बसली आणि बोलता बोलता जेवली. ती बरी झाली असे मी म्हणत नाही. हा आजार उताराचा आहे, तो उतरतच गेला. चार महिन्यांनी 'पाटी' हा शब्दही गेला. पण त्यानंतर ती त्या प्रश्नावर रडली नाही, आणि मी तिला पुन्हा कधी तारीख सांगितली नाही. २०२० च्या डिसेंबरात ती गेली. मी इथे. भाचीने फोन तिच्या कानाशी धरला तेव्हा मला दुसरे काही सुचले नाही. मी म्हटले, "ताई, मी कंदील धरते. तू दे माझ्याकडे."

(इथे थोडे थांबावे लागले.)

एक चूक सांगते. त्या दुपारी ताई बोलत असताना माझ्या पर्समध्ये फोन होता. त्यात रेकॉर्ड करायचे बटण आहे. मी दाबले नाही. तिचे शब्द माझ्या आठवणीत आहेत, पण आवाज कुठेच नाही. आणि माझी आठवणही आता अडुसष्टाच्या घरात आली आहे.

म्हणून सेक्रेटरीसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या इथे १९५० च्या सुमारास आलेली, मअबारात तंबूत राहिलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमला सोखनूतच्या कचेरीपुढे धरणे धरून बसलेली मंडळी या खोलीत निदान तीन तरी आहेत, मी नावे घेत नाही, ती स्वतःच मान हलवत आहेत. यांना आपण दर वर्षी शाल देतो आणि फोटो काढतो. विचारत काही नाही. आणि घरी कोणी आजारी असेल तर लाजून दार लावून घेतो, सिनेगॉगमध्ये आणत नाही. मी तुमच्या घरी इंजेक्शन द्यायला आलेली आहे, मला ठाऊक आहे कोणत्या खोलीचे दार लावलेले असते.

मला म्युझियम बांधायचे नाही. पैसेही मागत नाही, खजिनदार उगीच वहीत पाहू लागले आहेत. मागच्या हॉलमध्ये मी एक टेबल मांडले आहे. त्यावर पुरणयंत्र आहे, एअर इंडियाची निळी पिशवी आहे, चामड्याच्या पेटीतला ट्रान्झिस्टर आहे, वरवंटा आहे; पाटा फार जड म्हणून घरीच राहिला. आणि एक कंदील आहे, तो यफोच्या जुन्या बाजारातून आणला, घासाघीस करून. दोन मुली फोन घेऊन बसल्या आहेत, बटण कुठे ते त्यांना माहीत आहे. खुर्च्या हातांच्या आहेत. चहा तिथेच ठेवला आहे. ज्यांच्या घरी कोणी मागे राहिले असेल त्यांनी आत्ता जाऊन घेऊन या, आम्ही नऊपर्यंत आहोत.